बटणाला स्मरणशक्ती नको

जिन्यातील दिव्याला खाली एक आणि वर एक अशी दोन बटणे असतात, हे तुम्ही पाहिले असेल. खालच्या बटणाने दिवा लावायचा आणि वर पोहोचल्यावर वरच्या बटणाने तो मालवायचा. आता एक प्रश्न. दिव्याकडे न पाहता, नुसते खालचे बटण पाहून, दिवा लागलेला आहे की नाही हे सांगता येईल का? नाही येणार. बटण खाली असणे म्हणजे दिवा चालू असणे, असा संबंधच तेथे उरलेला नसतो. ते बटण शेवटी कोणत्या बाजूला दाबले गेले एवढीच खूण ते बाळगून असते. दिव्याची बातमी हवी असेल, तर दिव्याकडेच पाहिले पाहिजे.

एवढी साधी गोष्ट सांगायला लेख कशाला हवा, असे तुम्ही म्हणाल. पण संगणकाच्या पडद्यावरील बटणांच्या बाबतीत नेमकी हीच गोष्ट विसरली जाते. आणि प्रोग्रॅम लिहायला शिकणाऱ्या मुलांना तर ती बहुधा शिकवलीच जात नाही, अशी माझी तक्रार आहे.

आपण कशाविषयी बोलत आहोत, ते आधी नीट पाहू. पत्र लिहिण्याचा किंवा हिशेब ठेवण्याचा एखादा प्रोग्रॅम उघडला, की खिडकीच्या वरच्या कडेला लहान लहान चित्रबटणांची एक पट्टी दिसते. तिला टूलबार म्हणतात. तिच्या खाली प्रत्यक्ष कामाची जागा असते. कधी तो कोरा कागद असतो, कधी तक्ता, तर कधी भरावयाचा फॉर्म. टूलबारवरील बटण दोन कामे करते, आणि साऱ्या घोटाळ्याचे मूळ येथेच आहे. आपण ते दाबतो तेव्हा ते हुकूम घेते. पण कोणी दाबत नसतानाही ते काहीतरी सांगत असते. ठळक अक्षरांचे बटण दाबलेले दिसले, तर 'कर्सर आहे तेथील अक्षरे ठळक आहेत' अशी ती बातमी असते. छपाईचे बटण फिकट दिसले, तर 'सध्या छापण्याजोगे काही नाही' असा त्याचा अर्थ. म्हणजे हे बटण विजेच्या बटणासारखेही आहे आणि मीटरच्या काट्यासारखेही आहे. हुकूम घेणे सोपे असते. बातमी खरी देणे अवघड.

उदाहरणासाठी एखाद्या शाळेच्या कार्यालयातील प्रोग्रॅम घेऊ. जनरल रजिस्टरमधील एका विद्यार्थ्याची नोंद दाखवणारा फॉर्म आहे. त्यात नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थान वगैरे रकाने आहेत. वर टूलबारवर दहा बटणे आहेत: नवीन, दुरुस्ती, जतन, रद्द, काढून टाका, पहिली, मागील, पुढील, शेवटची आणि दाखला छापा. लिपिक नुसती नोंद पाहत असेल, तर 'जतन' आणि 'रद्द' ही बटणे फिकट हवीत, कारण जतन करण्यासारखे काही घडलेलेच नाही. त्याने दुरुस्ती सुरू केली, की ही दोन बटणे उजळली पाहिजेत आणि बाकीची फिकट झाली पाहिजेत. अर्धवट दुरुस्ती सोडून कोणी पुढच्या नोंदीवर जाऊ नये, हा हेतू. पहिल्याच नोंदीवर असताना 'मागील' फिकट हवे, आणि रजिस्टर रिकामे असेल तेव्हा 'नवीन' सोडून सारेच फिकट हवे.

नवखा विद्यार्थी हे कसे लिहितो? प्रत्येक बटणाच्या पोटात तो सूचनांची यादी घालतो. 'दुरुस्ती' दाबले की जतन उजळ कर, रद्द उजळ कर, छापा फिकट कर. 'जतन' दाबले की याच्या उलट. नोंद काढून टाकली की आणखी एक यादी, फॉर्म बंद झाला की आणखी एक. बटणे दहा आणि अशा घटना, समजा, पंधरा असल्या, तर दीडशे ठिकाणी योग्य ती सूचना आठवणीने लिहावी लागते. एकशेएकोणपन्नास ठिकाणी बरोबर लिहिले आणि एक ठिकाण राहिले, की एक बटण खोटे बोलू लागते. तेही नेहमी नाही, कधीतरीच. म्हणून तो दोष सापडत नाही.

दुसऱ्या रीतीनेही मोजून पाहा. प्रत्येक बटण उजळ किंवा फिकट, असे दोनच प्रकार धरले, तरी दहा बटणांची २ चा दहावा घात, म्हणजे १०२४ वेगवेगळी चित्रे होतात. त्यांपैकी खरी किती? नुसते पाहणे: मधली नोंद, पहिली, शेवटची, एकुलती एक किंवा रिकामे रजिस्टर. दुरुस्ती: काही बदललेले किंवा न बदललेले. नवी नोंद: काही भरलेले किंवा न भरलेले. ही झाली नऊ. उरलेली हजारावर चित्रे खोटी. उष्मागतिकी शिकताना पसारा का वाढतो, याचे कारण आपण हेच देतो. पसाऱ्याच्या तऱ्हा पुष्कळ असतात, व्यवस्थेच्या मोजक्या. दहा बटणांना दहा दिशांनी ढकलत राहिले, तर ती त्या नऊ चित्रांवरच येऊन थांबतील अशी अपेक्षा कशाला धरायची?

बटण खोटे बोलले म्हणून काय बिघडते, असेही कोणी विचारील. आता असे समजा, की एका मोठ्या खिडकीत दोन फॉर्म उघडे आहेत आणि टूलबार दोघांना मिळून एकच आहे. दोन्ही फॉर्म एकाच आडनावाच्या दोन विद्यार्थ्यांचे आहेत. लिपिक दुसऱ्या फॉर्मवर येतो, नोंद वाचतो आणि 'दाखला छापा' दाबतो. टूलबार मात्र अजून पहिल्याच फॉर्मला चिकटून राहिला आहे. दाखला छापला जातो तो पहिल्या विद्यार्थ्याचा. नाव वेगळे असले तर चूक ध्यानात येईल. पण त्या जागी 'काढून टाका' हे बटण असते, तर? आणि नाव एक व जन्मतारीख दुसरी अशी सरमिसळ झाली, तर? शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील जन्मतारीख आपल्याकडे माणसाला आयुष्यभर चिकटते आणि ती बदलून घेताना किती खेटे घालावे लागतात, हे घरातील मोठ्यांना विचारा.

यावर उपाय कोणता? प्रयोगशाळेतील अमीटर डोळ्यांसमोर आणा. त्याचा काटा काही लक्षात ठेवत नाही. प्रवाह आहे तोवर कुंडलावर परिबल कार्य करते आणि काटा वळतो. प्रवाह थांबला की स्प्रिंग त्याला शून्यावर आणते. 'आता शून्यावर जा' असे काट्याला वेगळे सांगावे लागत नाही. काट्याची जागा ही प्रवाहाचा परिणाम आहे. टूलबारचे बटण असे असावे, एवढेच माझे म्हणणे आहे. 'जतन' उजळ आहे की फिकट, हे बटणाने साठवून ठेवू नये. 'फॉर्म दुरुस्तीत आहे आणि काहीतरी बदलले आहे' या एका नियमावरून ते दर वेळी नव्याने ठरावे. दहा बटणांचे दहा नियम. त्या पंधरा घटनांनी बटणांची नावेसुद्धा घेऊ नयेत. 'काहीतरी बदलले' एवढेच त्यांनी जाहीर करावे. दहा आणि पंधरा मिळून पंचवीस. दीडशेच्या जागी पंचवीस!

हुकूम आणि बातमी यांची गल्लत किती महाग पडू शकते, याचे एक उदाहरण भौतिकीच्या विद्यार्थ्याने तरी विसरू नये. २८ मार्च १९७९ च्या पहाटे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील थ्री माईल आयलंड येथील अणुवीज केंद्राच्या दुसऱ्या अणुभट्टीत पाणीपुरवठ्याचे पंप बंद पडले. भट्टीतील दाब वाढला. तो कमी करण्यासाठी असलेली झडप ठरल्याप्रमाणे आपोआप उघडली. दाब उतरल्यावर ती मिटायला हवी होती, पण ती उघडीच अडकून राहिली. नियंत्रण कक्षात या झडपेसाठी एक दिवा होता. झडप उघडणाऱ्या विद्युतचुंबकाला वीज मिळत असली की तो लागे, वीज तोडली की विझे. दिवा विझला. कर्मचाऱ्यांनी मानले, की झडप मिटली. प्रत्यक्षात मिटण्याचा हुकूम तेवढा गेला होता. झडपेला त्या दिव्याने काही विचारलेच नव्हते. दोन तासांहून अधिक काळ त्या वाटेने भट्टीतील पाणी निसटत राहिले. पाण्याच्या पातळीविषयी इतर उपकरणांनीही कर्मचाऱ्यांची दिशाभूल केली आणि त्यांनी आपत्कालीन पाण्याचा पुरवठाच कमी केला. गाभ्यातील जवळजवळ निम्मे इंधन वितळले. सारा दोष एका दिव्यावर टाकणे योग्य होणार नाही. पण तो दिवा खरे बोलता, तर पुढचे बरेच काही टळण्यासारखे होते.

या अपघाताच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष होते गणितज्ञ जॉन केमेनी. तरुणपणी ते आइन्स्टाइन यांचे गणितातील साहाय्यक होते आणि १९६४ मध्ये टॉमस कुर्ट्झ यांच्याबरोबर त्यांनीच बेसिक ही संगणकभाषा तयार केली होती. जगभरच्या लाखो मुलांनी आपला पहिला प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिला, तिच्या एका जनकाकडेच या दिव्याची कहाणी तपासाला यावी, हा योगायोग मला मोठा बोलका वाटतो.

आमच्या रेल्वेच्या लोकांना मात्र ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. केबिनमधील दांडा ओढला म्हणजे सांधा फिरलाच, असे रेल्वे धरून चालत नाही. सांध्याची पाती खरोखर जागेवर बसून घट्ट झाली आहेत की नाहीत, हे रुळापाशीच तपासले जाते आणि मगच गाडीला सिग्नल मिळू शकतो. तोवर सिग्नलचा दांडा जागचा हलतच नाही. फिकट बटणाचा हा लोखंडी पूर्वजच म्हणायचा!

पुन्हा संगणकाकडे वळू. अपघात झाला त्याच १९७९ साली अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात, ट्रिग्वे रेन्स्काउग हे नॉर्वेजियन शास्त्रज्ञ पडद्यावरील चित्र आणि त्यामागील माहिती यांची फारकत कशी करावी, याची टिपणे लिहीत होते. माहिती एका जागी ठेवायची. पडद्यावर दिसते ते तिचे नुसते दर्शन. वापरणाऱ्याचे हुकूम घेणारा भाग तिसरा. या तिघांना मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर अशी नावे पडली, आणि पुढे हा विचार जगभर पसरला. त्यातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो भाग असा, की दर्शने कितीही असू देत, सत्य एकच असते.

तरीही एक व्यवहारातील प्रश्न उरतो. माहिती बदलली, हे बटणाला कळावे कसे? दोन मार्ग आहेत. बटणाने पुन्हा पुन्हा जाऊन विचारायचे, किंवा माहितीने आपण होऊन कळवायचे. मेनूच्या बाबतीत विचारण्याचा मार्ग फार सोयीचा पडतो. मेनू मिटलेला असतो. तुम्ही तो उघडू लागलात, की उघडण्यापूर्वी क्षणभर आधी प्रत्येक ओळीची चौकशी केली, की झाले. टूलबारला ही सवलत नाही. तो कायम डोळ्यांसमोर असतो, म्हणून त्याला कायम खरे बोलावे लागते. मायक्रोसॉफ्टच्या एमएफसी या साधनसंचात यावर एक मजेदार तोड काढलेली आहे. वापरणारा माणूस विचार करीत थांबला आहे, कळ दाबली जात नाही, माऊस हलत नाही, अशा रिकाम्या क्षणी टूलबारवरील प्रत्येक बटणाची विचारपूस करून घेतात. संगणकाच्या मानाने माणूस इतका संथ आहे, की असे रिकामे क्षण हवे तेवढे मिळतात. कळवण्याचा मार्ग अधिक चपळ खरा, पण त्यात कळवायला विसरण्याची भीती असते. डेल्फी आणि क्यूटी या साधनांत आणखी एक चांगली सोय आहे. मेनूतील ओळ, टूलबारवरील बटण आणि कळफलकावरील जोडकळ या तिघांमागे एकच 'क्रिया' ठेवता येते. ती क्रिया बंद केली, की तिन्ही दारे एकदम बंद होतात. एक दार मिटले आणि दुसरे उघडे राहिले, असे होत नाही.

सत्य प्रोग्रॅमच्या बाहेर असेल, तर गंमत आणखी वाढते. चिकटवण्याचे, म्हणजे पेस्टचे बटण घ्या. नक्कल केलेला मजकूर ज्या क्लिपबोर्डवर राहतो, तो एका प्रोग्रॅमच्या मालकीचा नसून साऱ्या संगणकाचा असतो. तुम्ही दुसऱ्याच खिडकीत नक्कल केली, तरी या खिडकीतील बटण उजळले पाहिजे. विंडोजच्या जुन्या पद्धतीत क्लिपबोर्डची बातमी प्रोग्रॅमच्या साखळीतून जात असे. एकाने ऐकायची आणि पुढच्याला सांगायची. मधल्या एखाद्याने पुढे सांगितले नाही, की त्याच्यापलीकडचे सारे अंधारात! पुढे ही पद्धत बदलली आणि ज्याला बातमी हवी त्याने थेट नोंदणी करावी, अशी सोय झाली.

आता समजा, सारे नियम चोख लिहिले, बातम्याही वेळेवर येतात. मग बटणावर पूर्ण विश्वास टाकावा का? माझे उत्तर नकारार्थी आहे. कित्येक प्रकाशवर्षे दूर असलेला तारा आपण पाहतो, तेव्हा तो तेव्हाचा पाहतो, आताचा नव्हे. बटणाचेही थोडेबहुत तसेच आहे. तुम्ही 'दुरुस्ती' उजळ असल्याचे पाहिले आणि ते दाबले, या दोहोंत अर्धा सेकंद गेला. तेवढ्यात शेजारच्या संगणकावरून मुख्याध्यापकांनी तीच नोंद काढून टाकली असेल. म्हणून हुकूम अमलात आणणाऱ्या भागाने स्वतः पुन्हा खात्री करून घेतली पाहिजे. बटण फिकट करणे हा वापरणाऱ्याशी दाखवलेला शिष्टाचार आहे. खरे कुलूप आत, माहितीपाशीच हवे. पुष्कळ जण शिष्टाचारालाच कुलूप समजतात.

फिकट बटण का फिकट आहे, हे सांगण्याची तसदी फार थोडे प्रोग्रॅम घेतात, याचा मला राग येतो. माऊस त्यावर नेला की 'आधी दुरुस्ती जतन करा' एवढे चार शब्द दिसले, तर काय बिघडेल? गप्प राहून अडवणारे बटण आणि खिडकी बंद करून बसलेला कारकून यांत मला तरी फरक दिसत नाही. असो.

तीन बटणांच्या प्रोग्रॅमला एवढे शास्त्र नको, हे मला मान्य आहे. माझा आक्षेप शिकवण्याच्या क्रमाला आहे. पुस्तके व शिकवणीवर्ग पहिल्या दिवशी बटण काढायला शिकवतात आणि लगेच त्याच्या पोटात सूचना भरायला लावतात. तीन बटणांची ती सवय तीस बटणांपर्यंत सुटत नाही. पडद्याला हात लावण्यापूर्वी कागदावर दोन रकाने आखावेत. डावीकडे फॉर्म कोणकोणत्या अवस्थांत असू शकतो ते लिहावे आणि उजवीकडे त्या त्या अवस्थेत कोणती बटणे उजळ हवीत ते. हे काम शिसपेन्सिलीने होते, संगणक लागत नाही.

तोवर घरच्या किंवा शाळेच्या संगणकावर दोन प्रयोग करून पाहा. एक ओळ टाइप करा आणि तिच्या मधला एकच शब्द ठळक करा. आता बाणांच्या कळांनी कर्सर ओळीतून हळूहळू न्या आणि ठळक अक्षरांच्या बटणाकडे लक्ष ठेवा. ते नेमके कोणत्या अक्षराशी बदलते? डावीकडून येताना आणि उजवीकडून येताना एकाच जागी बदलते का? मग साधा व ठळक असे दोन्ही शब्द मिळून निवडा. आता बटण काय दाखवते? अर्धे ठळक, अर्धे साधे, याला 'हो' म्हणावे की 'नाही'? (येथे पुंजयामिकी मध्ये आणण्याचे कारण नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने काय ठरवले, एवढाच प्रश्न आहे.) ते बटण दोनदा दाबा आणि मूळचे अर्धे-अर्धे चित्र परत मिळते का ते पाहा.

दुसरा प्रयोग. जतन केलेली एखादी फाईल उघडा, एक अक्षर टाइप करा आणि ते अनडूने मागे घ्या. मजकूर अक्षरशः पूर्वीसारखा झाला. आता 'जतन' बटण असेल तर ते पाहा आणि मग खिडकी बंद करा. 'बदल जतन करायचे का?' असे विचारले गेले, तर त्या प्रोग्रॅमने कळ दाबल्याचे लक्षात ठेवले आहे, मजकुराकडे मात्र पाहिलेले नाही. न विचारता खिडकी बंद झाली, तर अनडूच्या यादीत आपण जतन केल्या जागी परत आलो आहोत, हे त्याने ओळखले आहे. निदान तीन वेगवेगळ्या प्रोग्रॅमवर हा प्रयोग करा आणि काय आढळले ते प्रोग्रॅमच्या नावासह संपादकांना पत्राने कळवा.